अर्धा इंच जास्तीचा

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर माझा उजवा खांदा आखडला. आधी नुसता ठणका होता. मग त्या कुशीवर झोपता येईना, आणि गणपतीपर्यंत अशी गत झाली की फळीवरचा चहाचा डबा काढायचा तर डावा हात लावावा लागे. डॉक्टरांनी माझा हात धरून बाजूला उचलला, तो निम्म्यातच अडकला, आणि त्यांनी मान हलवली. फ्रोझन शोल्डर. चाळिशी ते साठीच्या मधलं वय, त्यात रक्तात साखर. "तुम्ही अगदी पुस्तकातले पेशंट आहात," ते म्हणाले, आणि त्यात थोडं कौतुकही होतं. बरा होतो म्हणाले, पण त्याच्या सवडीनं. वर्ष लागेल, दोनही लागतील.

दुखण्याचं फार सांगत नाही. दुखणी सांगणाऱ्यांपासून मीही लांब पळतो. सांगायचं आहे ते शर्टाचं.

फिजिओथेरपीच्या बाईंनी पहिल्याच दिवशी एक नियम शिकवला. घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी. नियम बिनचूक होता, पण माझे शर्ट त्याला दाद देत नव्हते. उजवी बाही कशीबशी चढायची, पण डावा हात मागे नेऊन दुसरी बाही शोधू लागलो की पाठीवरचं कापड ताणलं जायचं आणि त्या ओढीनं उजव्या खांद्यात कळ जायची. कपाटात तेरा शर्ट. त्यातले अकरा दुकानातून आणलेले, अंगाबरोबर बसणारे, इस्त्री केल्यावर देखणे. ते अकराही बाद. चढत होते दोनच. एक खादीचा ढगळ कुर्ता आणि दुसरा धाकट्या भावाच्या लग्नात मास्तरांकडून शिवून घेतलेला पांढरा शर्ट, ज्याची कॉलर आता विरली आहे. त्या लग्नानंतर माझं वजन बारा किलोनं वाढलं. तरी तो शर्ट चढत होता आणि माझ्या आत्ताच्या मापाचे शर्ट चढत नव्हते. हे गणित मला सुटेना.

एका रविवारी मी तो जुना शर्ट आणि एक नवा, असे दोन्ही पलंगावर शेजारी शेजारी झोपवले. आई खिडकीपाशी बसून शेंगा फोडत होती. तिचं वय आता अठ्ठ्याहत्तर. दिसायला कमी, पण कापड लांबूनही दिसतं.

"बाही कुठं बघतीय ते बघ," ती म्हणाली.

मी पाहिलं. नव्या शर्टाच्या बाह्या खाली कलल्या होत्या, जवळजवळ अंगाला चिकटून. जुन्याच्या बाजूला पसरल्या होत्या. एक शर्ट कवायतीतल्या सावधानमध्ये उभा, आणि दुसरा कुणाला तरी भेटायला हात पसरून निघालेला.

"बाहीचा माथा, म्हणजे खांद्याकडची गोलाई, उंच काढला की बाही अरुंद होती," आई म्हणाली. "हात खाली सोडून उभं राहिलं की झकास. एक चुणी पडत नाही. पण हात उचलायचा म्हटला की संपलं. माथा बसका काढला की बाही रुंद होती, बगलेत जरा झोळ येतो, पण हात कुठंही जातो. तुला कुठला हात पाहिजे ते आधी ठरवायचं."

माझ्या डोक्यात पहिल्यांदा उजेड पडला. शर्ट नुसत्या मापाचा नसतो, एका हाताची कल्पना करून तो कापलेला असतो. दुकानातले शर्ट खाली सोडलेल्या हातासाठी बेतलेले असतात, कारण ते पुतळ्यावर चढवून विकायचे असतात. त्या पुतळ्याला तर पुष्कळदा हातही नसतात.

बेतणे हे आपल्याकडचं एक फार चांगलं क्रियापद आहे. आता ते बहुतेक 'जिवावर बेतलं' एवढ्यापुरतंच उरलं आहे, पण मूळ अर्थ कापड अंगावर घेऊन, किती लागेल, कुठून कापायचं, काय उरेल याचा हिशेब मांडणं. बेत करणं त्यातलंच. आईच्या तोंडी हा शब्द अजून कापडासाठीच येतो. "आधी बेत, मग काप." ती मला हे लहानपणापासून सांगत आली आहे. मी ते आयुष्याबद्दल असावं असं समजत होतो. ते कापडाबद्दलच होतं.

आमच्या घरात पायानं चालवायचं शिवणयंत्र आहे. आई लग्नाआधी शिवणाच्या क्लासला जायची, आणि मग तिनं त्या यंत्रावर घरातलं सगळं शिवलं: झबली, टोपडी, परकर, फ्रॉक, उशांचे अभ्रे, दिवाळीचे आकाशकंदीलसुद्धा. बाबांचा शर्ट मात्र एकदाही नाही. तो कायम मास्तरांकडे. मी कारण विचारलं, तेव्हा तिनं सांगितलं ते मला फार आवडलं. "ब्लाऊज बिघडला तर पदराखाली जातो. बाप्याच्या शर्टाची कॉलर बिघडली तर गावभर फिरती."

माझे शाळेचे शर्टही मास्तरांकडेच शिवले जात. जून आला की बाबा आम्हा भावांना दुकानात उभं करत, मास्तर गळ्यातला टेप काढत आणि बाबा न विसरता म्हणत, "वाढत्या अंगाचा शिवा." मग बाह्या बोटांच्या पेरांपर्यंत यायच्या, खांद्याची शिवण दंडावर उतरायची आणि खाली आत दोन इंच कापड दुमडलेलं असायचं. तो शर्ट पहिलं वर्ष मोठा व्हायचा, दुसरं वर्ष बरोबर, तिसरं वर्ष आखूड. बरोबर बसणारा शर्ट मला बालपणात तीन वर्षांतून एकदाच मिळाला. पण त्यात हात अडकल्याचं आठवत नाही. चिंचेच्या झाडावर चढताना तर नाहीच.

"तूच शिव की," आई म्हणाली. "मी सांगते."

तिची वही निघाली. पिवळ्या पडलेल्या चौकटींच्या पानांवर तांबड्या शाईनं आकृत्या. मुंढा, तीरा म्हणजे खांद्याचं माप, छाती, गळा. मुंढा म्हणजे अंगाच्या कापडात बाहीसाठी ठेवलेली ती गोलाई. प्रत्येक आकृतीखाली सूत्र: छातीचा चौथा भाग, छातीचा बारावा भाग अधिक एक इंच. शरीराचा प्रत्येक भाग छातीच्या हिशेबात. मुंढा ठरतो छातीवरून, बाहीचा माथा छातीवरून, गळासुद्धा छातीवरून. मी म्हटलं, छाती एवढी आणि खांदे वेगळे असले तर? "तर टेप घ्यायचा आणि अंगाला लावायचा," आई म्हणाली. "सूत्र माणूस समोर नसेल तेव्हा."

कापडाला तोटा नव्हता. कुठल्याही मराठी घरात असतो तसा आमच्याकडेही आहेराच्या शर्टपीसचा एक गठ्ठा आहे. हे कापड शिवायचं नसतंच, फिरवायचं असतं. कुणाच्या तरी मुंजीत आलेलं, कुणाच्या तरी साठीशांतीत जाणारं. मी त्यातला एक टेरीकॉटचा शर्टपीस उचलला, चंदेरी कागदात होता, आणि आईनं सरावाला म्हणून त्यावर हरकत घेतली नाही. कुणी दिला होता ते दोघांनाही आठवलं नाही.

पाठ, दोन पुढे, खांद्यावर आडवा बसणारा शोल्डरचा तुकडा हे सगळं बऱ्यापैकी झालं. कॉलरवर दोन संध्याकाळी गेल्या. कॉलरची गंमत वेगळी आहे, पण तिच्यात फसवणूक नाही. नीट मोजलं, नीट दाबलं की ती येते. खांदे जोडले आणि तो बिनबाह्यांचा ऐवज अंगात घालून पाहिला, तेव्हा छान बंडी झाली होती. उजव्या खांद्यात कळ नाही, काही नाही. तिथंच थांबलो असतो तर बरं झालं असतं.

बाही कापताना पहिली चूक झाली ती सगळेच करतात म्हणे. बाहीचा माथा दोन्हीकडे सारखा नसतो. पुढच्या बाजूला गोलाई जरा जास्त खोल, मागच्या बाजूला जरा भरलेली, कारण हात पुढे जातो, मागे फारसा जात नाही. कापड दुमडून दोन्ही बाह्या एकदम कापल्या की डावी-उजवी आपोआप होते. माझ्याकडे कापड कमी उरलं होतं, म्हणून मी एकेक कापली. दोन्ही बाह्या डाव्या निघाल्या. टेरीकॉटला सुलट-उलट फारशी कळत नव्हती म्हणून एक बाही फिरवून उलट्या बाजूनं वापरली आणि वेळ मारून नेली.

दुसरी चूक मात्र माझी स्वतःची होती, आणि मी ती अभिमानानं केली.

बाही लावण्याआधी मी टेपनं मुंढ्याची कड मोजली, मग बाहीच्या माथ्याची कड मोजली. बाही जवळजवळ दीड इंचानं मोठी भरली. पुन्हा मोजली, तेवढीच. मी मनात म्हटलं, आईच्या वहीत चूक आहे, नाहीतर माझ्या खडूच्या रेषा जाड आल्या आहेत. आई झोपली होती. मी कात्री घेतली आणि दोन्ही बाह्यांचा माथा वरून खाली आणला, मुंढ्याएवढा होईपर्यंत. मग टाचण्या लावल्या, शिवलं, आणि घातलं. शर्टाच्या खांद्यावर, पुढून मागे, बारीक बारीक चुण्यांची एक रांग उभी राहिली. बाही अंगाला खाली ओढत होती, अंग बाहीला वर ओढत होतं.

मी तो शर्ट पिशवीत घालून मास्तरांकडे गेलो. मास्तरांचं दुकान आता गल्लीच्या तोंडाशी, जिन्याखाली आहे. पूर्वी चार कारीगर बसायचे, काजं करणारा वेगळा, दिवाळीच्या आधी रात्रभर दिवा असायचा. आता पाटीवर 'पिको-फॉल, चेन बदलून मिळेल, पॅन्ट लहान करून मिळेल' एवढंच आहे. भिंतीवर विठ्ठलाशेजारी नामदेवांची तसबीर मात्र तीच आहे, तिला हार रोज नवा असतो. शिंप्याच्या घरात जन्मलेला संत या धंद्यातल्यांना आपला वाटणं साहजिकच आहे.

मास्तरांनी शर्ट हातात घेतला आणि खांद्यावरून अंगठा फिरवला. एवढंच.

"बाही कापलीत ना वरनं?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"सगळे तिथंच कापतात." मग त्यांनी मला खुर्ची दिली, जी त्यांनी मला शाळेच्या वयात कधी दिली नव्हती. "कड मोजलीत, होय ना? कड मोजायची नसती. टीप जिथनं जाणार ती रेषा मोजायची."

त्यांनी पुठ्ठ्याच्या एका तुकड्यावर खडूनं दोन कमानी काढल्या आणि आतून तीन सुतांवर, म्हणजे आठ सुतांच्या इंचातल्या तीनांवर, दुसऱ्या दोन रेषा. मुंढा आत वळलेला असतो, त्यामुळे त्याची कापलेली कड टिपेच्या रेषेहून आखूड. बाहीचा माथा बाहेर फुगलेला असतो, त्यामुळे तिथं कड टिपेच्या रेषेहून लांब. कडेवर मोजलं की एक मुळात आहे त्याहून लहान दिसतो आणि दुसरी मोठी. रेषेवर मोजलं तर फरक उरतो सुमारे अर्धा इंच.

"अर्धा इंच तरी जास्त आहेच की," मी म्हटलं.

"तो राहू द्यायचा. तो पाहिजेच." ते पुठ्ठा माझ्याकडे सरकवत म्हणाले. "बाही मुंढ्याएवढीच केली तर आत हात कुठं बसणार? खांदा काय सपाट आहे? बाही वरनं गोल यायला पाहिजे. तो अर्धा इंच मुंढ्यात जिरवायचा. कोटाला तर दीड दीड इंच जिरवतात."

जिरवणे. आपल्याकडे पाणी अडवतात आणि जिरवतात, आणि माणसाची जिरवतात. कापडाची जिरवतात हे मला माहीत नव्हतं. लांब कापड आखूड कापडात असं सामावून घ्यायचं, की चुणी दिसता कामा नये, धागे जरा दाटीनं बसले पाहिजेत, आणि बाहेरून काही घडलंच नाही असं वाटलं पाहिजे. लोकर त्यात सगळ्यात गुणी; वाफ दिली की कितीही जिरवून घेते. सुती कापड थोडं घेतं, कुरकुर करत घेतं. आणि टेरीकॉट?

"ह्याच्यात पाणी जिरत नाही, बाही कुठं जिरणार," मास्तर म्हणाले.

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि हिच्यासाठी मी त्यांना चहा पाजला. शिवणयंत्राच्या पट्टीखाली जे दाते असतात ते खालचं कापड पुढे ओढतात. वरचं कापड दाबपायाखाली घसटत येतं आणि जरा मागे पडतं. म्हणजे यंत्र खालचं कापड नेहमी थोडं जास्त खातं. ज्यांना हे माहीत नसतं त्यांच्या चादरीच्या लांब शिवणीत शेवटी एक कापड उरतं आणि ते यंत्राला शिव्या देतात. ज्यांना माहीत असतं ते लांब कापड खाली ठेवतात. बाही खाली, अंग वर. मग अर्धा इंच यंत्र स्वतःच गिळतं, तुम्ही नुसतं त्याला सरळ जाऊ द्यायचं.

"आणि माथ्याच्या अगदी वर काही जिरवायला जाऊ नका. तिथं कापडाचा आडवा धागा येतो, तो ऐकत नाही. दोन्ही उतारांवर कापड उरेब, म्हणजे तिरकं असतं, तिथं जिरतं."

मी घरी येऊन आईला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माझ्या वहीत लिहिलंय ते." खरंच लिहिलं होतं. आकृतीच्या बाजूला, बारीक अक्षरात: बाही रेषेवर मोजणे. मी ते वाचलं नव्हतं, कारण मला आकृती कळली होती.

दुसऱ्या शर्टासाठी मी इचलकरंजीचं सुती कापड आणलं. सांगलीहून इचलकरंजी जवळ. 1904 साली तिथं पहिला यंत्रमाग आला, आणि तेव्हापासून त्या गावाचा खडखडाट थांबलेला नाही. ओळखीच्या एकाकडून निळसर राखी रंगाचं पॉपलिन घेतलं. हातात घेतलं की धागा बोटांना कळतो असं कापड. पण कात्री लावण्याआधी आईनं मला थांबवलं. आजारी खांद्याचा शर्ट नुसता बसक्या माथ्यानं भागणार नाही, असं तिचं म्हणणं पडलं.

"मुंढाच खोल करू की," मी म्हटलं. "बगलेत जागा होईल."

"कर आणि एसटीत जा."

तिचा मुद्दा मला आरशासमोर कळला. मुंढा खोल केला की हात मोकळा होईल असं वाटतं, प्रत्यक्षात उलटं होतं. बाहीची शिवण बगलेपासून जितकी खाली, तितका हात उचलला की सगळा शर्टच वर येतो. एसटीत वरचा दांडा धरला की ज्यांचा शर्ट पॅन्टीतून बाहेर निघतो आणि कंडक्टरला त्यांचं पोट दिसतं, त्यांचे मुंढे खोल असतात. शिवण बगलेच्या जवळ पाहिजे, आणि तरीही बगलेत कापड पाहिजे. दोन्ही एकदम कसं व्हायचं?

"चौबगला," आई म्हणाली.

चौबगला म्हणजे बगलेत बसवायचा चौकोनी तुकडा. पतंगासारखा तिरका बसतो: एक कोपरा बाहीकडे, एक अंगाकडे, एक पुढे, एक मागे. हात खाली असला की तो दुमडून लपतो, हात वर गेला की उघडतो. आईनं तो तिच्या आजोबांच्या पैरणीत पाहिला होता. जुन्या अंगरख्यांत, कुर्त्यांत तो असायचा, काही कुर्त्यांत अजून असतो. त्या कपड्यांना मुंढ्याची गोलाई नसायचीच. हातमागाचा पन्हा अरुंद. कापड सरळ फाडायचं, चौकोन चौकोनाला जोडायचा, बाही म्हणजे एक लांबट पट्टा. वाया जाणारं कापड जवळजवळ नाही. आणि जिथं चार सरळ शिवणी एकमेकींना छेदतात, बरोबर त्या ठिकाणी हात अडणार, म्हणून तिथं हा तुकडा.

हे फक्त आपलंच शहाणपण होतं असं मात्र नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत साहेबाचा शर्टही असाच चौकोनांचा शिवलेला असायचा, बगलेत तुकडा घालून. गोल मुंढ्याची बाही त्याच्याकडेही नंतर रुळली आणि मग आपल्याकडे आली. नांगर धरणारे, वल्ही मारणारे, धान्याची पोती डोक्यावर घेणारे हात दोन्हीकडे सारखेच वर जात होते.

खांदा हा शरीरातला सगळ्यात जास्त फिरणारा सांधा, हे मला बाईंनी व्यायाम करून घेताना सांगितलं. कारण तो नीट बसलेलाच नसतो. खुब्याचा सांधा वाटीत बसतो, खांद्याचा गोळा मात्र लिंबू-चमच्याच्या शर्यतीतल्या लिंबासारखा, उथळ खोबणीत टेकून राहिलेला. आजूबाजूच्या स्नायूंनी आणि पिशवीनं धरून ठेवला म्हणून पडत नाही. माझ्या खांद्याची ती पिशवीच जाड झाली होती, आक्रसली होती. हात पूर्ण वर नेला तर तो 180 अंश फिरतो, त्यातले सुमारे 120 सांध्याचे आणि 60 पाठीवरच्या फऱ्याचे. म्हणजे हात वर जाताना पाठही सरकत असते. शर्टाच्या पाठीला शोल्डरखाली जी घडी असते ती शोभेची नाही, त्या 60 अंशांची ती सोय आहे. माझ्या अकरा देखण्या शर्टांपैकी नऊ शर्टांना ती घडी नव्हती. मी मोजलं.

आईनं माझा मुंढा इंचभर वर घेतला. माथा बसका केला. पाठीला दोन घड्या घातल्या. चौबगला साडेतीन इंचांचा ठरला. मास्तरांना सांगितलं तर ते हसले, "शर्टाला चौबगला?", आणि मग जरा वेळानं म्हणाले, "कोपरे हातानं शिवा. यंत्रावर येणार नाहीत तुम्हाला."

आता बाही लावण्याची ती संध्याकाळ. लाइट होती, पण मी यंत्र दारापाशी ओढलं, कारण आईला दिवसाच्या उजेडात बघायचं होतं. बाही आधी चपटी असतानाच लावायची, नळी शिवून नंतर नाही. शर्टात तसंच करतात, कोटात नळी करून. सुलट बाजू सुलटीला. माथ्याचा मध्य खांद्याच्या शिवणीला, पुढची खूण पुढच्या खुणेला, मागच्या दोन खुणा मागच्या दोन खुणांना. मग मध्ये टाचण्या. आणि इथं तो अर्धा इंच समोर येतो. दोन टाचण्यांच्या मध्ये बाहीचं कापड थोडं फुगून उभं राहतं, एखाद्या हट्टी पोरानं गाल फुगवावेत तसं. हात शिवशिवतात की हे कापून टाकावं.

"टाचण्यांवर विश्वास ठेवू नको, धावदोरा घाल," आई म्हणाली.

मी दोन्ही बाह्यांना हातानं मोठे मोठे कच्चे टाके घातले. माझा उजवा हात खांद्यातून जात नव्हता, पण मनगटातून अजून सगळं येत होतं. शिवणाला खांदा लागत नाही हे दुखणेकऱ्याचं मोठं नशीब. पाय पॅडलवर. बाही खाली, अंग वर. चाक हातानं एकदा फिरवून सुई कापडात रोवली आणि सुरू केलं.

या शिवणीत सरळ रेषा कुठंच नाही. एक गोलाई आत वळते, दुसरी बाहेर, आणि दोन्ही एकमेकींवर ठेवून तीन सुतांवरून सारखं जायचं. पुढचं सगळं बघायला गेलं की चुकतं. सुईच्या पुढच्या बोटभर कापडाएवढंच बघायचं. दर दोन-तीन इंचांवर थांबलो, दाबपाय उचलला, वरचं कापड हातानं सपाट केलं, पुन्हा दाबपाय टेकवला. उतारावर आलो तेव्हा खालच्या बाहीला दात्यांनी कसं घेतलं ते दिसत नव्हतं, पण बोटाखाली जाणवत होतं. माथ्यावरून सरळ गेलो. दुसरा उतार. बगलेच्या अलीकडे, चौबगल्यासाठी जागा सोडून, थांबलो. दोरा तोडला. कच्चा टाका उसवला आणि सुलट करून पाहिलं.

एकही चुणी नव्हती. अर्धा इंच कुठं गेला ते मला सांगता येणार नाही. माथा खांद्यावरून किंचित गोल होऊन खाली येत होता, आत कुणाचा हात नसतानाही.

मराठीत बाहीला अस्तनीही म्हणतात, म्हणजे म्हणायचे. फारसीतून आलेला शब्द. आता तो फक्त अस्तनीतल्या निखाऱ्यात उरला आहे, घरभेद्यासाठी. मला त्या दिवशी वाटलं, पूर्वीच्या बाह्या किती ऐसपैस असतील की त्यात निखारा घेऊन माणूस हिंडत होता आणि लगेच कळत नव्हतं. माझ्या अकरा शर्टांच्या बाहीत निखारा काय, रुमालही लपणार नाही.

दुसरी बाही पहिलीपेक्षा वाईट लागली. तसं होतं, पहिलीला भीती असते, दुसरीला आत्मविश्वास. मागच्या उतारावर तांदळाएवढी एक चुणी राहिली आहे. आईनं ती बघितली, काही बोलली नाही, पण बोट तिथंच ठेवलं. मी म्हटलं, राहू दे, पाठीमागं आहे. ती म्हणाली, "पदराखाली." आतली कड दुमडून वरून दुसरी टीप मारली, म्हणजे धुण्यात दशा निघणार नाहीत. मग मनगटापासून बगलेपर्यंत आणि बगलेपासून खाली घेरापर्यंत बाजूच्या शिवणी. मध्ये दोन पतंगाच्या आकाराची भोकं.

चौबगले बसवायला चार रात्री गेल्या. दोन तुकडे, आठ कोपरे, सगळे हातानं, उलट्या टिपेनं. कोपऱ्यावर टाका बरोबर टोकाशी थांबला पाहिजे. एक धागा पुढे गेला तर कोपऱ्यात चोच येते, एक धागा मागे राहिला तर भोक. आठांपैकी पाच कोपरे चांगले आले. बायको म्हणाली, बगल कोण बघणार आहे. मास्तरांनी बघितली. बटणं लावून घ्यायला गेलो तेव्हा त्यांनी शर्ट उलटा केला आणि पहिली बगलच बघितली. काजांचे पैसे त्यांनी घेतले, बटणांचे घेतले नाहीत.

रविवारी सकाळी शर्ट घातला. दुखरा हात आधी. बाही दंडावरून सरकत वर आली, अडली नाही. मग डावा हात मागे नेला, पाठीवरच्या घड्या उघडल्याचं जाणवलं, आणि दुसरी बाही सापडली. कळ आली नाही. म्हणजे थोडी आली, पण ती खांद्याची होती, कापडाची नव्हती. तेवढा फरक आता मला कळतो.

स्वयंपाकघरात गेलो. आई ओट्यापाशी उभी होती. फळीवरच्या चहाच्या डब्याकडे मी उजवा हात नेला. हात छातीच्या वर गेला, खांद्याच्या रेषेत आला, थोडा वर गेला आणि थांबला. डबा अजून वीतभर लांब. शर्टाची खालची कड जागची हलली नव्हती, बगलेतला तुकडा अर्धाच उघडला होता. आईनं बोटांनी तो चाचपला. आत अजून दोन बोटं कापड शिल्लक होतं.

"हे जास्तीचं उरलंय," मी म्हटलं.

"असू दे की," तिनं डाव्या हातानं डबा काढून माझ्या हातात दिला. "वाढत्या अंगाचा शिवलाय."